उघड आहे

सकाळी अकरा वाजता तिच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत प्रबंधातल्या एका ओळीवर घोडं अडलं. बाहेरून आलेल्या वयस्कर परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"या अनंत श्रेणीतली पदं लहान होत शून्याकडे जातात, म्हणून तिची बेरीज कुठेतरी थांबणारच, असं तुम्ही धरून चाललात. कसोटी लावलीच नाहीत. अहो, रोजचं पाप थोडं थोडं कमी केलं, म्हणून घडा कधी भरणारच नाही का?"

सगळे हसले. कोपऱ्यात बसलेले तिचे मार्गदर्शक सरही हसले, आणि हसता हसता त्यांना स्वतःचाच आवाज आठवला. त्या दिवशी कसोटी लावून बघू का, असं विचारायला ती त्यांच्या दारात उभी होती आणि ते स्कूटरची किल्ली शोधत होते. "पदं शून्याकडे जातायत ना? मग उघड आहे. पुढे चल."

"सर, तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं?" परीक्षकांनी त्यांनाच विचारलं.

"सरांना मी हा भाग दाखवलाच नव्हता," ती घाईघाईने म्हणाली. "चूक माझी आहे."

सर उभे राहिले.

"मुलगी प्रामाणिक आहे हो," एवढंच म्हणून ते खाली बसले.

तिला बाहेर थांबायला सांगितलं. तिचं चार वर्षांचं काम नाकारायचं का, यावर आत चर्चा चालू आहे. 'उघड आहे' हे शब्द आपले होते, हे सरांनी अजून सांगितलेलं नाही.