बिनचूक

आईने ओला चमचा सरळ वितळलेल्या चॉकलेटमध्ये घातला आणि ढवळायला लागली.

"अगं आई! पाणी!" रविवारची माहेरी आलेली लेक ओरडली.

उशीर झाला होता. मघापर्यंत आरशासारखं चमकणारं चॉकलेट बघता बघता फाटलं, रवाळ झालं आणि चमच्याला चिखलासारखं चिकटून बसलं. आईने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"गेलं की," ती म्हणाली.

हीच बाई घरी बेकिंगचे वर्ग घ्यायची. चॉकलेटला पाण्याचा थेंब दिसला की ते रुसतं, हे तिचं पहिल्या दिवशीचं पहिलं वाक्य असायचं. ओल्या हातांनी भांड्याजवळ आलेल्या एका प्राध्यापिकेला तिने हात वाळेपर्यंत दाराबाहेर उभं केलं होतं. आणि आता ही तऱ्हा. गेल्या रविवारी ब्राउनी करपली. त्याच्या आधीच्या रविवारी साखरेच्या जागी मीठ पडलं. दर वेळी आई "गेलं की" म्हणाली, आणि दर वेळी तेच ताटलीत घालून तिने बाबांपुढे ठेवलं.

लेकीने कोणाला न सांगता विस्मरणाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेऊन ठेवली होती. एका घरात एक आजारी माणूस असला तर घर धावपळ करतं. दोन असले की धावायचं कोणी, हा प्रश्न उरतो.

पहिला आजारी माणूस बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून बाबा पुन्हा चालायला लागले होते, चमचा धरायला लागले होते. खाण्यावरची बंधनंही डॉक्टरांनी उठवली होती. वाचा तेवढी परतली नव्हती. त्यासाठी एक बाई यायच्या आणि चित्रं दाखवायच्या. घोडा. छत्री. मांजर. बाबा घोड्याकडे असे बघायचे, की घोड्याबद्दल आपल्याला आयुष्यात कधी काही म्हणायचंच नव्हतं.

"आतून ऊर्मी यायला हवी," बाई आईला म्हणाल्या होत्या. "जे बोलायची त्यांना सवय होती, तेच आधी येईल. पण फार दिवस गेले तर मात्र अवघड."

बाबा निवृत्त बॉयलर तपासनीस. हातोडीने टकटक करायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा, हे त्यांचं काम. ते काम ते घरीही आणत. सुट्टीच्या दिवशी आई स्ट्रॉबेरीभोवती ब्राउनी लिंपायची आणि तो गोळा चॉकलेटमध्ये बुडवायची. बाबा त्या कवचावर चमच्याने टक् करायचे, कान द्यायचे, मग घास घ्यायचे. "करपलंय." "कवच जाड." "फळ आंबट." दोष सापडला नाही तर गप्प. मान खाली, ताटली रिकामी. त्यांच्या खात्यात याहून मोठं प्रमाणपत्र नव्हतं, आणि आईच्या नावावर अशी प्रमाणपत्रं ढिगाने जमा होती. "यांच्यापेक्षा भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान खिळा तरी ठोकता आला असता," असं ती वर्गातल्या बायकांना सांगायची. बायका हसायच्या. बाबा आतून ऐकायचे आणि त्यावरही गप्प.

"तू बस, आई. आज मी करते," लेक म्हणाली.

"असू दे गं. हेच लावते वरून. चालतं त्यांना."

"त्यांना चालतं? ते बिचारे 'नाही' म्हणू शकत नाहीत, म्हणून चालतं!"

आईने तोंड उघडलं. मग दारातून खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि मिटलं. लेकीने धुतलेल्या कपड्यांची बादली तिच्या हातात दिली आणि तिला गच्चीवर पिटाळलं.

मग तिने नवं चॉकलेट वाफेवर ठेवलं. भांडं आतून-बाहेरून कोरडं केलं. स्ट्रॉबेऱ्या एकेक करून अशा पुसल्या, जशा तान्ह्या बाळांच्या माना पुसतात. ब्राउनीचा चुरा तळव्यावर थापला, मधे फळ ठेवून मूठ मिटली, गोळे फ्रिजमध्ये घट्ट केले, काटेचमच्यावर तोलून बुडवले. कवच पातळ आलं, चकचकीत आलं. आईच्या चांगल्या दिवसांत शोभलं असतं असं.

बाबांनी टक् केलं. कान दिला. आवाज स्वच्छ होता. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि मान खाली घालून सगळं संपवलं. लेकीला भरून आलं. माणसाला इतके दिवस आपण काय खाऊ घालत होतो, असं वाटून तिला लाजही वाटली.

आई रिकामी बादली घेऊन खाली आली. तिने ताटली पाहिली.

"बघ," लेक म्हणाली, "कसं चाटूनपुसून खाल्लंय!"

"काही म्हणाले?"

"काही नाही. आवडलं ना त्यांना."

आईने बादली खाली ठेवली. लेकीला कोपराला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. ओट्यावर ते फाटलेलं चॉकलेट तसंच पडलं होतं. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"गेल्या रविवारी तू निघून गेलीस ना, तेव्हा त्या करपलेल्या घासाला ते 'क'पर्यंत आले होते गं."