धोट्याचा मुका

ईनॉक पिकपनं गालाला साबण फासला आणि आरशातल्या ईनॉकला अदबीनं मान लववली.

"नमस्कार, मिस्टर ऑर्मरॉड. मी ब्लॅकबर्नहून आलोय, आपण गुरुवारची वेळ दिली होतीत. मागावरच्या धोट्यात एक सुधारणा आहे, तिचं पेटंट घ्यायचंय."

हे सगळं नुसत्या ओठांनी, आवाज न करता. शेजारी मिलमधलाच एक जॉबर, त्याच्यासारखाच माग दुरुस्त करणारा, राहत होता आणि भिंतीलाही कान असतात. येत्या गुरुवारी मँचेस्टरला जायचं, हे ठरल्यापासून रोज सकाळी त्याची ही तालीम चाले. आरसा खिडकीच्या चौकटीला टांगलेला, कारण जूनच्या पहाटे उजेड तिथंच चांगला पडे. गल्ली हातभर रुंदीची. समोरच्या खिडकीत विधवा केझाया डक्सबरी चहाचा पेला घेऊन बसली होती. तिनं हात केला, यानंही वस्तरा हलवून उत्तर दिलं. तीस वर्षांचा शेजार होता तो.

मग त्यानं टकलावर टोपी चढवली आणि मागावर आडवं सूत नेणारा तो सुधारलेला धोटा कोटाच्या आतल्या खिशात पुन्हा एकदा चाचपला. कडेला एक बारीक चीर, चिरेत वाकवलेली पितळी तार. सूत चिरेत सारलं की तार ते ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढी. एवढंच, पण एवढंच शंभर वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. मार्चमध्ये ही गोष्ट त्याच्या हाती लागली, आणि तेव्हापासून आयुष्यात पहिल्यांदाच त्याला सकाळी उठावंसं वाटू लागलं होतं. पन्नाशी उलटलेला, बिनबायकोचा माणूस. नावावर काहीतरी असावं, निदान एका पेटंटवर तरी आपलं नाव छापून यावं, एवढीच त्याची इच्छा होती. धास्ती एकच. आपल्याआधी दुसऱ्या कुणी अर्ज टाकला, तर हातातोंडाशी आलेला घास जायचा.

म्हणून मिलमध्ये तो अवाक्षर काढत नसे. चारशे मागांच्या खडखडाटात तिथं कुणाला काही ऐकू यायचं नाही, पण खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी ओठांनी बोलायची आणि मधल्या चाळीसजणी ते वाचायच्या. सासूच्या कागाळ्या, सोयरिकी, सगळं असंच चाले. ईनॉक जॉबर असला तरी खुळा नव्हता. गेले तीन महिने खात्यात तो मिशीवर हात ठेवूनच फिरत होता.

बुधवारी तो केझायाच्या मागापाशी थांबला. तिच्या धोट्यातली सुताची कांडी संपली होती. तिनं नवी बसवली, धोटा तोंडाशी नेला, भोकाला ओठ लावून सूत चोखून बाहेर काढलं आणि कापसाचा भुगा थुंकला. याला बाया धोट्याचा मुका म्हणत. दिवसातून शेकडो मुके. केझायाचे पुढचे चार दात या मुक्यांपायीच गेले होते.

ईनॉकला खरोखर गलबलून आलं. आपला धोटा आला की पोरींचे दात वाचतील. पहिला धोटा हिलाच द्यायचा, त्यानं मनात ठरवलं.

"दात बसवणार होतीस ना?" त्यानं ओठांनी विचारलं.

"शनिवारी दुपारी मँचेस्टरला जाऊन आले," तिनंही ओठांनीच सांगितलं. "होईल म्हणतात सोय."

"बरं झालं. आणि ते केस आवर आधी. पट्ट्यात अडकले तर डोक्याचं सालपट निघेल."

"कशानं आवरू? अंबाडा एकाच पिनेवर तोललाय." तिनं बट कानामागं सारली. "उद्या तुझी सुट्टी म्हणे?"

"आत्या वारली. बोल्टनला जायचंय."

"मागच्या वर्षीपण वारली होती ना रे?"

"ती थोरली."

"गुणी घराणं. ठरल्या वेळी मरतात सगळ्या." केझाया बोळकं दाखवून हसली. "सांभाळून जा हो. मँचेस्टरच्या गाडीला फार गर्दी असते."

बोल्टन त्याच वाटेवर असल्यानं ईनॉकला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बाई किती मायेची आहे, असंच वाटलं.

गुरुवारी तो ठेवणीतला कोट घालून पेटंटचे वकील मिस्टर ऑर्मरॉड यांच्या कचेरीत पोचला. तालमीतलं भाषण त्यानं न अडखळता म्हटलं. ऑर्मरॉडसाहेब शांत माणूस. त्यांनी आराखडा उलगडला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"नमुना आणलाय?"

ईनॉकनं धोटा काढून टेबलावर ठेवला. छाती नकळत पुढं आली होती.

"झकास काम आहे," साहेब म्हणाले. "पण मिस्टर पिकप, हेच काम शनिवारी माझ्याकडं आलं. सोमवारी अर्ज लंडनला पोचलासुद्धा."

ईनॉक टेबलावर वाकला. "कुणाचा अर्ज? मी तर कुणाजवळ ब्र काढला नाही!"

"एका विधवा बाईंचा. तुमच्याच गावच्या." साहेबांनी धोट्यातली पितळी तार नखानं अलगद सोडवली. मग खण उघडून एक लिफाफा काढला आणि त्यातली दुसरी पितळी तार तिच्याशेजारी ठेवली. ती मात्र वाकवलेली नव्हती. बाकी टोकाच्या नक्षीपर्यंत दोन्ही सारख्या.

"निघताना म्हणाल्या, गुरुवारी एक टकले गृहस्थ येतील. मार्चमध्ये माझ्या मागावरून नेलेला धोटा त्यांनी ठेवला तरी चालेल, पण माझी केसांची पिन तेवढी मागून घ्या."