जवळ माणूस पाहिजे

"आबा, आधी घोडेस्वार फिरवायचा. मेंढरं हुडकायची." भारतने बापाचा हात माऊसवर ठेवला आणि वरून आपला दाबला.

मुंजाबा हसला. "साठ वर्षं दुसरं काय केलं? घोडं तेवढं नव्हतं."

बिडकीनच्या माळावर, मेंढवाड्याला लागून असलेल्या लिंबाखाली दोघे बसले होते. पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप. वाड्यात बावीस मेंढरं. चार वाजता साहेबराव व्यापारी गाडी घेऊन येणार होता आणि बावीसच्या बावीस नेणार होता. माळाला चहूबाजूंनी कंपन्यांचं कुंपण पडलं होतं. चरायला उरली होती ती रस्त्याच्या कडेची धूळ. भारतची आई बानाबाई सकाळीच बोचकी घेऊन हर्सूलला भारतच्या घरी गेली होती. उद्यापासून मुंजाबानेही तिथेच, तिसऱ्या मजल्यावर राहायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे भारतने ठरवलं होतं. म्हातारा नाही म्हणाला नव्हता, एवढंच.

तिथे तो दिवसभर करणार काय, यावर भारतने हा उपाय काढला होता: जुन्या काळच्या राजांचा, लढायांचा खेळ. त्याच्या कंपनीतली पोरं जेवणाच्या सुट्टीत खेळतात. शिवाय गाडी येईपर्यंत बापाने वाड्याकडे टक लावून बसू नये, हेही त्याच्या मनात होतंच.

पडद्यावर हिरवं रान होतं. मधोमध चावडी, तिच्यासमोर निळे सदरे घातलेली तीन माणसं. मुंजाबाने घोडेस्वार फिरवला. झाडाआडून पहिली मेंढी दिसली तसा तो गुडघ्यांवर उठून बसला. घोडा जवळ जाताच मेंढी निळी झाली.

"आपली झाली," भारत म्हणाला. "आता चावडीजवळ आणा आन् एकएक कापा. दोन सोबत कापल्या तर मटण नासतं. नवा माणूस इथंच चुकतो."

मुंजाबाने आणखी सात हुडकल्या. मेंढरू कुठे बसेल हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आठही आणून चावडीपाशी बसवल्या. कापली एकही नाही.

"आबा, माणसं उपाशी हायेत. कापा की एक."

"यातली गाभण कोणती?"

"गाभण नसत्यात ह्या. वीतच नाहीत."

"मग कळप वाढायचा कसा?"

"वाढवायचा नसतो, आबा. संपवायचा. मेंढरं संपली की शेती, शेतीनंतर किल्ला. असंच पुढं जायचं असतं."

मुंजाबाने आठही मेंढ्या हाकलत झाडांच्या आडोशाला नेल्या.

भारतला हसावं की रडावं कळेना. "लपवून भागत नाय. पलीकडं तांबडा राजा हाय. त्याचा घोडेस्वार आला आन् आपलं कोणी जवळ नसलं, तर नुसती नजर पडली की मेंढरं त्याची. रंगच बदलतो."

"आन् आपलं माणूस जवळ असलं तर?"

"मग कुणाच्या बापाची हिंमत नाय."

तेवढं मुंजाबाला पुरलं. त्याने तिन्ही माणसं उचलली आणि मेंढ्यांभोवती नेऊन उभी केली. लाकूड नाही, शेती नाही, किल्ला तर नाहीच. चावडी ओस पडली. भारतने कपाळाला हात लावला; असला डाव आजवर कुणी खेळला नसेल. थोड्या वेळाने तांबडा घोडेस्वार आला. त्याने झाडांना एक चक्कर मारली, दुसरी मारली. मेंढ्या निळ्याच राहिल्या. आला तसा तो निघून गेला.

"गेला! गेला का नाय रिकामा!" मुंजाबाने मांडीवर थाप मारली. महिनाभरात त्याचा आवाज एवढा चढला नव्हता. भारतला लई बरं वाटलं. म्हातारा रमेल, हर्सूलचे दिवस निघतील, असं त्याने स्वतःला सांगून टाकलं.

रस्त्यावर हॉर्न वाजला.

साहेबराव माणूस वाईट नव्हता. आल्याआल्या रामराम घातला, पाणी प्याला, आबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग गाडीतून रंगाचा डबा काढला. बाजारात दहा जणांची मेंढरं एकत्र होतात. आपली ओळखू यावीत म्हणून व्यापारी मेंढीच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो. भारत हे लहानपणापासून बघत आला होता, त्यात नवल काहीच नव्हतं. साहेबरावच्या डब्यात तांबडा रंग होता.

मुंजाबा उठला, वाड्यात शिरला आणि मेंढरांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्याने सगळ्यात म्हाताऱ्या मेंढीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आबा, बाजूला व्हा, रंग लागंल," साहेबराव म्हणाला.

मुंजाबा हलला नाही. साहेबरावने वाकून त्याच्या हाताखालच्या मेंढीवर पट्टा ओढला. मग शेजारचीवर. मग त्याच्या पायांत घुसलेल्या कोकरावर. कुंचला डब्यात बुडत होता, निथळत होता, पुढे सरकत होता. आपण जावं, बापाचा दंड धरून त्याला बाहेर आणावं, असं भारतला फार वाटलं. पण तो लिंबाखालीच राहिला.

बावीसही झाली. मुंजाबाने भोवती एकदा नजर फिरवली, मग भारतकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. डावात आपलं काय चुकलं, हे शिकवणाऱ्याला विचारावं, तसं त्याने विचारलं,

"भारत, मी तर जवळच हाय की रं?"