आईचं पान

शाळेने दसऱ्याला कागदाची आपट्याची पानं मागवली होती, पानापानावर घरातल्या एकेकाचे आभार लिहून. पहिलीतली लेक अजून बाथरूममध्ये होती, रिक्षा यायची वेळ झाली होती, म्हणून कल्याणीच डाव्या हाताने पोरीसारखी वेडीवाकडी अक्षरं काढत बसली.

"बाबा, सायकलबद्दल थँक्यू", "आजी, लाडवांबद्दल थँक्यू" असं भराभर उरकलं. शेवटी आईचं पान आलं आणि हात अडला. स्वतःचेच आभार काय मानायचे? कंटाळून तिने मनात आलं ते खरडलं.

लेक ओल्या केसांनी आली. तिने पान उचललं आणि अक्षरांवर बोट ठेवत मोठ्याने वाचलं, "आई, तू दमलीस का गं?"

खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तरी लेक मान वर करून उत्तराची वाट बघत उभीच राहिली.