दोन सेलची बॅटरी

सावळेरामनं मांडवाकडं एकदा बघितलं, रिमोटच्या गाडीचं टोपण काढलं आणि आतली बॅटरी उपसून तिच्या जागी दुसरी बसवली. त्याची पोरगी जया नंबरची चिठ्ठी आणायला गेली होती. ती यायच्या आत त्यानं टोपण दाबून बसवलं. काढलेली बॅटरी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि तो हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

काढलेली बॅटरी दोन सेलची होती, सात व्होल्टची. बसवलेली तीन सेलची, अकरा व्होल्टची. ती जयानं सपाटीच्या शर्यतीतल्या दुसऱ्या मोटरीसाठी आणली होती. चढाची मोटर तिनं स्वतःच्या हातानं भरली होती. बारीक तार घेऊन, वेढे वाढवून. "हिला चाल कमी, पण ओढ लई हाय, आप्पा," घोडेगावच्या चौकात चहा पिताना ती म्हणाली होती. "सात व्होल्टच बास हिला."

सावळेरामनं बशीतला चहा फुंकला होता.

बोलायचं ते गणपतीतच बोलून झालं होतं. शिनोलीत सावळेरामचं पाण्याच्या मोटरी भरायचं दुकान. एकुलती एक पोरगी दोन वर्षं मागं लागली होती की मला दुकानात घ्या. तो म्हणायचा, हे बाईमाणसाचं काम न्हाई. शेवटी भावकीसमोर त्याच्या तोंडून निघून गेलं, "जुन्नरच्या शर्यतीत तुझी मोटर वीट घेऊन चढ चढली, तर सोमवारपासून दुकानात बस. न्हाई चढली, तर पुण्याला मावशीकडं जा आन नोकरी धर." पोरीनं तिथल्या तिथं हातावर टाळी मागितली होती. त्यालाही ती द्यावी लागली होती.

"नंबर सात! शिनोलीची जया!" मांडवातून पीयूष ओरडला. बाजारपेठेत त्याचं खेळण्यांचं दुकान होतं आणि शर्यत त्यानंच भरवली होती.

जया धावत आली. टोपणाला तिनं हातसुद्धा लावला नाही. गाडीवर वीट बांधली, गाडी मुरमाच्या चढाखाली ठेवली आणि रिमोटची कळ दाबली.

गाडी उधळल्या बैलासारखी सुटली. माणसं ओरडली. जयाच्या कपाळाला मात्र आठी पडली. ही चाल तिच्या मोटरीची नव्हती. अर्धा चढ गेला आणि पुढची चाकं दोन दगडांच्या बेचक्यात अडकली. तिनं कळ सोडून पुन्हा दाबली. मोटर गुरगुरली. मग टोपणाखालून धूर आला. वास सावळेरामपर्यंत पोचला. तो वास त्याला मंदिरातल्या धुपापेक्षा ओळखीचा होता.

"व्होल्टेज कमी पडलं का काय?" गर्दीतून भागू म्हणाला. शिनोलीचाच शेतकरी, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्यासोबत गावातली आणखी चार-पाच माणसं होती. "सावळेरामभाऊ, माझी मोटर तेवढी तुमच्याच हातानं भरा बरं का. पोरीकडं दिली तर विहिरीतनं पाण्याऐवजी धूरच यायचा!"

सगळे हसले.

जयानं गाडी उचलली आणि टोपण उघडलं. आत तीन सेल होते. तिनं ते मोजले, बापाकडं एकदा बघितलं आणि टोपण परत लावलं.

"काय झालं गं?" पीयूषनं विचारलं.

"मोटर कच्ची भरली मी," ती म्हणाली. "चूक माझीच."

परतीला मोटारसायकल सावळेराम चालवत होता. मागं जया. जळकी गाडी तिच्या मांडीवर. घोडेगाव मागं पडलं. शिनोली दिसायला लागली, तसा सावळेरामनं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली.

"बॅटरी बघितलीस ना?"

"बघितली."

"मग बोलली का न्हाईस?"

"गावातली माणसं व्हती तिथं. तुमच्या नावावर मोटरी आणून टाकतात ती. पण आप्पा, मला दुकानात घ्यायचंच नव्हतं, तर सरळ न्हाई म्हणायचं. हे असं कशाला?"

सावळेरामनं वळून तिच्याकडं बघितलं. ती काय समजून बसली होती, ते त्याला आत्ता कळलं.

"अगं येडे, सात व्होल्टवर जळली असती ना ती! तीस वर्षं झाली मला. व्होल्टेज कमी आलं की मोटर नुसती घुमते, उचलत न्हाई, तापते आन जळते. आख्ख्या तालुक्याच्या मोटरी अशाच जळतात. म्हटलं, पोरीचं घोडं अर्ध्यात अडायला नको."

जया त्याच्याकडं बघतच राहिली. मग हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली.

"आप्पा, ती लायटीवरची मोटर. ही बॅटरीवरची. हिला कमी दिलं तर हळू चालती. जास्त दिलं तर जळती."

"उलटं?"

"उलटं."

भीमाशंकरची एसटी धूळ उडवत निघून गेली. सावळेरामनं किक मारली. गाडी चालू झाली, पण गिअर काही टाकला नाही.

"पैज तर हरलीस तू," तो म्हणाला.

"हरले."

"सोमवारी लवकर ये दुकानात. ही उलटी मोटर मला शिकायची हाय."