मिहीरची बादली

"बुडबुडे थांबून दोन दिवस झाले," सुरेश म्हणाला. "मेली का रे ही?"

हरिदासने वाकून बादलीला कान लावला. अल दुहैलच्या या व्हिलातले एसी तोच बघायचा. कतारला येण्याआधी तो संभाजीनगरकडे एका बिअरच्या कारखान्यात कूलिंग प्लांटवर होता, म्हणून आज एसीचं निमित्त करून त्याला बोलावलं होतं. स्टोअररूममध्ये तांदळाच्या गोणीमागे झाकणबंद बादली, आणि झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. तो गॅस बाटलीत बुडबुडताना दिसला की बिअर होतेय असं समजायचं.

"साहेब, कुणाला कळलं तर तुम्ही पहिल्या विमानात आणि मी दुसऱ्या."

"माहीत आहे."

सुरेश म्हणजे गॅसचं बटण तीनदा तपासून झोपणारा माणूस. त्याला दारूचा वाससुद्धा सहन होत नसे.

"कुणासाठी एवढा खटाटोप?"

"मुलासाठी. पुढच्या शनिवारी दुपारी."

"मग परमिटवर दोन कॅन आणा की."

"त्याला हीच हवी होती."

तीन वर्षांपूर्वी मिहीर पुण्याहून सुट्टीला आला होता, तेव्हा त्याने याच खोलीत अशीच बादली लावली होती. सुरेशने ती बाथरूममध्ये उपडी केली. "माझी नोकरी घालवशील!" असं तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या रुकैयाबाईंच्या घरातला दिवा लागला. मिहीर एवढंच म्हणाला, "बाबा, चव तरी बघू द्यायची होती." सकाळी तो न सांगताच एअरपोर्टला गेला. त्यानंतर बापलेकांत एक शब्द झाला नव्हता. बिअरची कृती लिहिलेली वही मात्र तो इथेच विसरला होता. तीच वही उघडून सुरेश आता एकेका ओळीप्रमाणे करत होता.

सुरेशची बायको शैलजा चहा घेऊन दारात उभी होती.

"गेल्या वर्षी दोन वाजेपर्यंत वाट पाहिली," ती म्हणाली. "सगळं त्याच्या आवडीचं केलं होतं. आलाच नाही. आम्हीही मग तसेच बसून राहिलो, उपाशी."

"पोटचं पोर किती दिस रागवंल, वहिनी? यील."

हरिदासने पिशवीतून साबणाचं पाणी आणि ब्रश काढला. एसीचा गॅस कुठून गळतो हे तो असंच शोधायचा. झाकणाच्या कडेने त्याने ब्रश फिरवला. एका जागी फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"हे बघा. बिअर जित्ती हाय, साहेब. गॅस फटीतनं पळत हुता, म्हून बाटलीत दिसंना. नळीकडं बघून तुम्ही उगा सुतक धरलं."

कुणीच हसलं नाही. हरिदासने कडा पुसून टेप गुंडाळली. थोड्या वेळाने बाटलीत एक बुडबुडा उठला, मग दुसरा. सुरेश तांदळाच्या गोणीवर बसला आणि त्याने चष्मा काढून डोळे पुसले. इतका आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

"शनिवारपत्तुर फेस लई न्हाई यायचा, पण चव यील," हरिदास म्हणाला. "एअरपोर्टला गाडी घिऊन जाऊ का?"

"नको. येईल त्याचा तो."

शनिवारी बाराच्या आत शैलजाचा स्वयंपाक झाला. तिने पान वाढलं. सुरेशने बादलीतली बिअर वाटीत ओतली आणि पानासोबत ती गच्चीवर नेऊन ठेवली. वर उन्हात उभं राहून त्याने हात जोडले. "चुकलो रे, मिहीर," तो म्हणाला. "आता तरी घे."

गच्चीच्या कठड्यावर कावळा उतरला. भाताकडे त्याने पाहिलंही नाही. त्याने सरळ बिअरच्या वाटीत चोच घातली.