चिबड जागा

"जागा चिबड आहे, जपून," फरशीवाले दाजी मेहुण्याला म्हणाले. दोघं मिळून नव्या घरात फरशा बसवत होते.

"चिबड म्हणजे काय हो?"

"वरून टणक, खालून पाणी. माणूस गिळला तरी वर डाग दिसत नाही." दाजींनी हातोडी उचलली. "अशा जागेवर एकानं दोनदा ठोकायचं आणि पलीकडच्या खोलीतून जोडीदारानं दोनदा उत्तर द्यायचं. म्हणजे तो आहे, हे कळतं. माझ्या वडलांची रीत."

"त्यांचा जोडीदार नेहमी उत्तर द्यायचा?"

"एकदा नाही दिलं."

मेहुणा हसत आतल्या खोलीत गेला.

दुपारभर दाजी ठोकत राहिले आणि आतून उत्तर येत राहिलं. गडी थट्टेखोर, पण कामाला चोख, असं त्यांना वाटलं. शेवटी तर त्यांनी ठोकायच्या आधीच उत्तर येऊ लागलं.

"अरे, पुरे कर आता!"

"काय पुरे?" रस्त्याकडच्या दारातून मेहुणा चहा घेऊन आत आला. "जेवल्यावर मागच्या दारानं सटकलो, तेव्हापासून बाहेरच होतो मी. रागावू नका, दाजी."

दाजींनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथं सामसूम होती.

मग दोन ठोके पडले. त्यांच्याच गुडघ्याखालच्या फरशीला, खालच्या बाजूनं.